थोरल्यांचा पंचनामा

बसरगट्टीत थोरलं पोर कर्नाटकात जन्मतं आणि धाकटी पोरं महाराष्ट्रात. यात चमत्कार काही नाही. इथल्या सोयरिकी हद्दीच्या नाल्यापलीकडच्या, कर्नाटकातल्या गावांशी होतात, पहिलं बाळंतपण माहेरी करायचा रिवाज आहे, आणि माहेर म्हणजे होसकेरी, नाहीतर तिच्या शेजारचं एखादं गाव. चालत तासाभराची वाट. दुसऱ्या खेपेला सासू सुनेला सोडत नाही, कारण तोवर मेंढरं, शेत आणि थोरलं पोर तिच्या अंगावर पडलेलं असतं. त्यामुळं एका चुलीवर वाढलेल्या भावंडांची जन्मगावं दोन राज्यांत. गावच्या लेकीही पहिल्या खेपेला इकडं येतात, म्हणून होसकेरीची थोरली पोरं आमच्या नोंदवहीत. दोन राज्यं पाण्यावरून आणि एसटीवरच्या पाट्यांवरून वर्षानुवर्षं भांडतायत, आणि त्यांच्या नाकाखाली ही गावं थोरल्या पोरांची बिनबोभाट अदलाबदल करतायत.

मी इथला तलाठी. सरकारनं हल्ली आमचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलंय. नाव लांबलं, खोली तेवढीच राहिली. माझं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठी, जिथं उसाला पाणी जास्त झालं म्हणून माणसं कुरकुरतात. भरती सांगली जिल्ह्यात झाली आणि नोकरीची शेवटची तीन वर्षं या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यात आली. लोक घरात कानडी बोलतात, कचेरीत मराठी आणि मेंढरांशी दोन्ही. माझ्याशी फार सांभाळून बोलतात, कारण मला खरं लिहायची खोड आहे. तीस वर्षं मी तिला गुण समजत आलो.

सोनिया ही अर्जुनाची थोरली मुलगी. अर्जुनाकडं चाळीसेक मेंढरं आणि चार एकर माळ, त्यातला एक एकर आता डाळिंबाखाली. पोरगी बावीसची, तालुक्याच्या कॉलेजात बीए झालेली. तिला पोलिसात जायचं होतं. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, कारण रोज उजाडताना ती गावातून पळत जायची. नाल्याच्या अलीकडं आमचा रस्ता, म्हणजे खड्डे. पलीकडं गुळगुळीत डांबर. तिचा आठशे मीटरचा सराव पलीकडं चालायचा. महाराष्ट्र पोलिसांत भरती व्हायला पोरगी कर्नाटकाच्या डांबरावर पळते, यावर मी एकदा हसलो होतो. ती हसली नाही.

भरती निघाली. अर्जाला अधिवासाचा दाखला लागतो, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात. तो तालुक्याहून मिळतो, पण चौकशी अहवाल तलाठ्याचा. सोनिया कागद घेऊन आली तेव्हा गावचा पोलीस पाटील ज्ञानू माझ्या खोलीतच बसला होता.

“जन्म कुठला?” मी विचारलं.

“आजोळचा. होसकेरी.”

“शाळा?”

“सातवीपातुर हितलीच, कानडी शाळा. आठवी ते धावी होसकेरीच्या हायस्कुलात. बारावी आन् बीए तालुक्याला.”

“मधली तीन वर्षं तिकडं का?”

“हितलं हायस्कूल सतरा किलोमीटर, भाऊसाहेब. एसटी धा वाजता यायची आन् शाळा साडेधाला. त्ये जवळ हुतं. रोज चालत जायची, रोज घरी यायची.”

तिनं जे सांगितलं ते मी लिहिलं. ज्ञानूनं मान लांब करून कागद पाहिला.

“जन्माचं एवडं लिवायलाच पायजे का, भाऊसाहेब? बसरगट्टी टाका की. आमचं समद्या थोरल्यांचं तसंच हाय.”

तसंच होतं खरं. पूर्वीचे एक गुरुजी शाळेत नाव घालताना कुणालाही काही न विचारता सगळ्यांचं जन्मगाव बसरगट्टी लिहून मोकळे व्हायचे. त्या एका शिस्तीवर गावातल्या निम्म्या माणसांचे दाखले उभे होते, ज्ञानूचाही. सोनियाचं नाव घालायच्या वेळी मात्र नवे हेडमास्तर आले होते. फलटणकडचे. त्यांनी जन्माचा कागद मागितला आणि त्यावर होतं तेच लिहिलं. म्हणजे पोरीच्या नशिबी आधी एक साताऱ्याकडचा खरा माणूस आला आणि मग दुसरा.

“खोटं मी लिहीत नाही,” मी म्हणालो.

“मग ऱ्हाऊ द्या,” सोनिया म्हणाली. “खरंच लिवा. पोलिसात जायचं आन् सुरवातच खोट्यानं कशाला?”

आठ दिवसांत अर्ज परत आला. वर शेरा: अर्जदाराचा जन्म तसेच काही शिक्षण परराज्यात. सलग पंधरा वर्षे वास्तव्याचा सबळ पुरावा जोडावा. अर्जाची मुदत संपायला तेव्हा एकोणीस दिवस होते, आणि पुढची भरती कधी ते कुणी सांगू शकत नव्हतं. मागची निघाली तेव्हा ती बारावीत होती.

दुसऱ्या दिवशी तिची आजी राहीबाई खोलीत येऊन खाली फरशीवर बसली. खुर्ची दिली तरी बसेना.

“आवं भाऊसाहेब, पयलं बाळतपण माहेराला करायचं न्हाई तर काय कचेरीच्या व्हरांड्यात करायचं व्हय?”

“तसं नाही, आजी. नियम...”

“नेम मला नगा सांगू. म्हैन्याची हुती तवा ही हितं आली. माज्या हातानं आंगूळ घातली हिला. तवापास्नं हितंच हाय. त्यो सायेब हुता का तवा हितं? मग मला इचारायचं का त्येला?”

साहेबाला विचारायचं नाही, आजीलाच विचारायचं, हे मलाही पटत होतं. पण आजीच्या हाताची आंघोळ हा सबळ पुरावा धरायला तालुका तयार नव्हता.

दरम्यान होसकेरीच्या मामानं तिकडं खटपट केली. भाची तिकडची ठरत असेल तर तिकडच्या पोलिसात जाऊ दे, असा साधा विचार. तिकडच्या कचेरीत म्हणाले, जन्म इथला ठीक, पण शाळा इथं सात वर्षं हवी, हिची तीन. वर आधारवरचा पत्ता महाराष्ट्राचा. तिथल्या कारकुनानं हसून हात जोडले म्हणे. हे सांगायला सोनिया माझ्याकडं आली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

“तुमी म्हंता म्हाराष्ट्राची न्हाई. ते म्हंत्यात कर्नाटकाची न्हाई. तिसरं कायतरी असंल तर तेवडं लिवून द्या, भाऊसाहेब. मी तितली भरती बघते.”

मी तिचे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. नियमात वाट सापडली नाही की मला आधी राग येतो. या वेळी तो कुणावर काढावा ते कळेना. पलीकडच्या वादातल्या गावांमधल्या मराठी पोरांना आपलं सरकार आपली मानून नोकरीत सवलत देतं, त्यासाठी वेगळं परिपत्रक आहे. इकडच्या कानडी बोलणाऱ्या पोरीसाठी परिपत्रक काढायचं कुणाला सुचलेलं नाही. ती आपलीच आहे, तिच्यावर कुणाचा दावा नाही, म्हणून तिचा विचारही नाही.

मग मला कल्पना सुचली. ती माझीच होती, दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही. नेहमीचा पंचनामा दोन पंचांच्या सहीनं होतो. मी म्हटलं, दोन नको, गावातल्या सगळ्या थोरल्यांचे जबाब घ्यायचे. प्रत्येकानं लिहून द्यायचं: माझा जन्म होसकेरीचा, किंवा जिथला असेल तिथला, आणि माझं सगळं आयुष्य बसरगट्टीत गेलं, सोनियाचंही तसंच आहे, आम्ही पाहत आलोय. जन्म तिकडं झाला म्हणून माणूस तिकडचा होत नाही, हे साहेबाला एकदा ढिगानं दाखवलं की तो काय बोलणार? पंचांचं जन्मगाव लिहायला कुठल्याच नमुन्यात रकाना नाही. तो मी स्वतः पट्टी घेऊन आखला.

रविवारी बिरोबाच्या देवळापुढं माणसं जमवली. दोन वर्षांपूर्वी याच जागी तलावात पाणी नाही म्हणून ग्रामसभा पेटली होती. पलीकडच्या राज्यानं त्यांच्या कालव्याचं जादा पाणी नाल्यातून सोडलं होतं आणि गावानं एकमुखानं ठराव केला होता, आम्हाला तिकडं घ्या. मुंबईपर्यंत खळबळ उडाली, टीव्हीवाले आले, मंत्र्यांची गाडी आली. तेव्हा हात वर करायला कुणाला दोनदा सांगावं लागलं नव्हतं. आता एका पोरीसाठी सही मागितली तर माणसं पायाखालची माती न्याहाळायला लागली.

“सही करायला काय न्हाई,” एक जण म्हणाला, “पर आमच्या दाखल्यावर बसरगट्टी हाय. हितं होसकेरी लिवलं की ते खोटं न्हाई का पडत?”

सोनिया बापाच्या मागं उभी होती. ती पुढं आली आणि ज्ञानूला म्हणाली, “काका, तुमी करा पयली.”

ज्ञानूविषयी सांगायला हवं. चोपन्न वर्षांचा गडी, एकोणीस वर्षं पोलीस पाटील. कोरोनाच्या वेळी दोन्ही राज्यांनी नाल्यावर मातीचे ढीग टाकून रस्ता बंद केला होता. त्या दिवसांत गावातल्या पाच गरोदर पोरींना यानं स्वतःच्या जबाबदारीवर नाला ओलांडून माहेरी पोचवलं. दोन्हीकडच्या पोलिसांनी वेगवेगळं दटावलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की पोरींना आईपाशी जायचं होतं. गावात त्याच्या शब्दाला जी किंमत आहे ती त्या पदामुळं नाही.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. “भाऊसाहेब, ह्यातनं आमाला काय व्हनार न्हाई न्हवं?”

“काय होणार?” मी म्हणालो. “खरं सांगितलं म्हणून कुणाला फाशी देत नाहीत.”

त्यानं सही केली. मग माणसं उठली. अडतीस जबाब झाले. अंगणवाडीची मदतनीस तानुबाई, सोसायटीचा चेअरमन धनाजी, खुद्द अर्जुना, सगळे थोरले. बायका हसत होत्या, एकमेकींची जन्मगावं नव्यानं कळल्यासारखी विचारत होत्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. तीस वर्षांत प्रथमच माझ्या खोडीचा कुणाला उपयोग होतोय, असं वाटलं. मी स्वतः तालुक्याला जाऊन गठ्ठा दिला आणि पोच घेतली.

आणि दाखला झाला. नायब तहसीलदार समजूतदार होते, त्यांनी अडतीस जबाब वाचले, सलग वास्तव्य मान्य केलं. ऑनलाइन मंजुरी आली तशी सोनियानं मुदतीच्या दोन दिवस आधी अर्ज भरला. राहीबाईनं माझ्या खोलीत पेढे पाठवले. सहीशिक्क्याची प्रत नंतर टपालानं येणार होती.

ती तीन आठवड्यांनी आली. त्याच लखोट्यात दुसरा कागद होता.

दुसरा कागद ज्ञानूच्या नावाचा होता, प्रांत कार्यालयाचा. तालुक्यातून जबाबांची एक प्रत वर गेली होती आणि तिथं कुणीतरी, बहुधा माझ्यासारखाच एखादा नेमका माणूस, ती नीट वाचत बसला होता. नोटिशीत लिहिलं होतं: आपल्या स्वतःच्या जबाबावरून आपला जन्म परराज्यात झाल्याचे दिसून येते. नेमणुकीच्या वेळी आपण जन्मगाव बसरगट्टी असे नमूद केले आहे. आपणास पदावरून का कमी करू नये याचा खुलासा, स्थानिक वास्तव्याच्या पुराव्यासह, सात दिवसांत करावा. खाली एक ओळ: उर्वरित जबाब देणाऱ्यांच्या शासकीय दाखल्यांचीही पडताळणी प्रस्तावित आहे.

त्याच जबाबांनी एक माणूस गावचा ठरला होता आणि दुसरा गावाबाहेर पडत होता. नोटीस बजावणं तलाठ्याचं काम. मी ज्ञानूला बोलावून घेतलं. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि दोनदा वाचलं. मला वाटलं होतं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

“म्हंजे मी हितला न्हाई आता,” तो म्हणाला.

“तसं नाही. खुलासा द्यायचा. मी पंचनामा करतो, दोन पंच घेऊ. तू जन्मभर इथं आहेस हे कुणीही सांगेल.”

“कुनीबी?”

मी कचेरीच्या कोतवालाला पंच आणायला गावात पाठवलं. धनाजीच्या शेतात वीज आली होती, त्याला पाणी सोडून येता येत नव्हतं. तानुबाईच्या पोटात दुखत होतं. एकाची मेंढरं लांब गेली होती. धाकटे, ज्यांचा जन्म इथलाच आणि ज्यांना कशाचीच भीती नव्हती, तेही आले नाहीत. त्यांच्या घरात थोरले होते. नोटिशीतली खालची ओळ माझ्या आधी गावात पोचली होती. अडतीस माणसांना मीच एका कागदावर एकत्र आणलं होतं आणि आता मीच त्यांना पांगवलं होतं. मला स्वतःची चीड आली. खरं लिहिताना ते कुणाच्या हाती पडणार याचा विचार मी तीस वर्षांत एकदाही केला नव्हता.

तासभर आम्ही दोघं बसलो. ज्ञानू नोटिशीची घडी घालायचा आणि परत उघडायचा. मग सोनिया आली, दाखल्याची प्रत न्यायला. सांगलीच्या मैदानावर चार दिवसांनी तिची धावण्याची चाचणी होती. मी तिला प्रत दिली. ती आनंदानं वाचत असतानाच तिचं लक्ष ज्ञानूच्या हातातल्या कागदाकडं गेलं. त्यानं तो मागं घेतला, पण तिनं हात पुढं केला आणि तो घेतला. वाचून झाल्यावर तिनं तो घडी घालून त्याच्यापुढं ठेवला.

“काका, तुमाला मीच म्हनलं हुतं, पयली तुमी करा म्हनून.”

“जाऊ दे गं. तू पळायचं बघ.”

ती माझ्याकडं वळली. “पंच कोन हाय, भाऊसाहेब?”

“अजून कुणी नाही.”

“मी हाय. माजा दाखला आत्ताच आलाय. मी हितली हाय, शिक्का हाय त्याच्यावर.”

मी पेन खाली ठेवलं. तिला सांगणं भाग होतं. “सोनिया, नीट ऐक. हे प्रकरण चौकशीवर आहे. तू निवडली गेलीस तर तुझी चारित्र्य पडताळणी होणार. चौकशीतल्या माणसाच्या बाजूनं जबाब दिलेला कुणी तुझ्या नावापुढं लिहून ठेवला, तर नेमणूक अडकू शकते. आणि तुझा दाखलाही ह्याच जबाबांवर उभा आहे. तू यात पडू नकोस.”

“कोन लिवनार?”

“माझ्यासारखाच कुणीतरी.”

ज्ञानू उठला. “ती न्हाई करायची सही. मी सांगतो. पोरी, घरी जा.”

“बसा, काका,” ती म्हणाली. ज्ञानू बसला. त्याला गावात कुणी असं बसवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तिनं कागद स्वतःकडं ओढला. मी मजकूर सांगत गेलो, ती लिहीत गेली: मी लिहून देते की ज्ञानू यांना मी जन्मापासून ओळखते, ते कायम बसरगट्टीत राहतात, गावच्या सुखदुःखात असतात. खाली सही केली. सहीखाली लिहिलं, वय बावीस, राहणार बसरगट्टी. मग पेन थांबलं.

“जन्मगाव लिवू?”

“नको,” मी म्हणालो. नोकरीच्या तीस वर्षांत माझ्या तोंडून असं पहिल्यांदाच निघालं, आणि इतक्या घाईनं निघालं की ज्ञानूनंही मान वर केली.

सोनियानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि त्याचीच मला लाज वाटली.

“तुमी इचारलं हुतं तवा मी सांगितलं हुतं,” ती म्हणाली आणि खाली लिहिलं, जन्म होसकेरी.

पंच क्रमांक दोनची जागा मोकळी होती. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. कोतवालाला मी पुन्हा गावात पाठवलं आणि आम्ही तिघं दाराकडं बघत बसलो.